पट्ट्यालगतची हातभर जागा

३ फेब्रुवारी
ऑफिससमोरचा सायकलचा पट्टा आज पूर्ण. हिरवा रंग, कडेला पांढरी रेघ, मधे सायकलचं चित्र. साहेब बघून 'बरं झालंय' म्हणाले. साहेबांचं 'बरं' म्हणजे इतरांचं 'अप्रतिम'.

स्वतःपुरती नोंद. नकाशात पार्किंग आणि पट्टा यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा होती, तिरक्या रेघा मारून सोडायची. गाडीचं दार उघडलं तर ते त्या जागेत उघडावं, सायकलवाल्याच्या अंगावर नाही, म्हणून. मी ती जागा काढून टाकली. ठेवली असती तर झाडाखालची पार्किंगची अख्खी रांग गेली असती. त्या रांगेत माझीही गाडी असते, हा निव्वळ योगायोग.

६ फेब्रुवारी
जेवताना हिनं बातमी दिली. तिच्या बाबांनी माळ्यावरची सायकल खाली काढली. वय वर्षं एकाहत्तर! त्यांची थोरली बहीण, म्हणजे हिची आत्या, अंथरुणाला खिळली आहे. तिला रोज सकाळी पेपर वाचून दाखवायला जाणार. रस्ता आमच्या ऑफिसवरूनच. ट्रकच्या भीतीनं सायकल सोडली होती, पण आता जावईबापूंनी पट्टा आखलाय, मग काळजी कसली, असं म्हणाले म्हणे. ही कौतुकानं माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. तिला वाटलं, मी भारावलो.

७ फेब्रुवारी
ठरलं. उद्या साहेबांना सांगायचं, रांग काढा, पट्टा सरकवू. आडपडदा नाही, लाजणं नाही.

८ फेब्रुवारी
साहेबांचा मूड ठीक नव्हता. केबिनचं दार बंद होतं, त्यावरून कळलं.

१० फेब्रुवारी
बाबांना हेल्मेट, आरसा आणि अंधारात चमकणारं जाकीट घेऊन दिलं. बाबा भर उजेडात जातात, पण असू दे. त्यांचे डोळे भरून आले. पोटच्या पोरानं केलं नाही ते जावयानं केलं, असं त्यांनी मेव्हण्याला फोन करून ऐकवलं. मेव्हणा माझ्याशी बोलेनासा झालाय. एका माणसाला सांभाळायला गेलो आणि दुसरा दुखावला. माझं नशीबच असलं.

१४ फेब्रुवारी
साहेब रजेवर. म्हणजे माझा नाइलाज. पण मी हात बांधून बसणारा माणूस नव्हे. पाटी मागवली: 'दार उघडण्यापूर्वी मागे पाहा.' मजकूर माझाच. सुटसुटीत आहे.

१७ फेब्रुवारी
पाटी लागली. खांब सायकलच्या पट्ट्यात, बरोब्बर मधोमध. कंत्राटदाराला झापलं. तो म्हणाला, साहेब, कडेला हातभर जागा असती तर तिथे नसता का लावला? मी फोन ठेवला.

१८ फेब्रुवारी
दुसरी पाटी मागवली: 'पुढे खांब आहे.' तिचा खांब कुठे लावायचा ते नंतर बघू.

२० फेब्रुवारी
नवी आयडिया. बाबांनी पायीच जावं! तासभर चालण्याचे फायदे समजावले. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. अगदी पटलं म्हणाले. आता आत्याकडे सायकलनं पोचल्यावर तिच्या गच्चीवर चकरा मारणार आहेत.

२१ फेब्रुवारी
साहेब आले. आज दार उघडं होतं, त्यामुळे जावंच लागलं. सायकलच्या पट्ट्याविषयी बोलायचंय म्हणालो. साहेबांनी पेन खाली ठेवलं, बोला म्हणाले. मी म्हणालो, लोक फार खूश आहेत. आणि बाहेर आलो. स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

२४ फेब्रुवारी
आता पहारा. सकाळी लवकर जाऊन गाडीत बसून राहतो. बाबा पुढे निघून जाईपर्यंत रांगेत कोणी दार उघडायला लागला की हॉर्न, खाणाखुणा. लोक मला वेड्यात काढतात. काढू देत. बाबा जाताना घंटी वाजवतात. जावई किती लवकर कामावर येतो, असं घरी सांगितलं म्हणे. ही खूश. मला मात्र ती घंटी ऐकवत नाही.

२७ फेब्रुवारी
आज अंगाशी आलं.

पुढे औषधवाल्याची गाडी येऊन थांबली. हा दार उघडणार आणि मागून बाबा येणार, हे मला लख्ख दिसलं. त्याला थांबवायला मी तावातावानं उतरलो. मागे न बघता. बाबांना माझंच दार लागलं. औषधवाला आपला गाडीत बसून फोनवर बोलत होता.

डावं मनगट मोडलं. हेल्मेटमुळे डोकं वाचलं, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मी मनात घट्ट धरून ठेवलंय.

संध्याकाळी
दवाखान्यात हिनं विचारलं, झालं कसं? मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबाच बोलले. जावईबापूंचा काही दोष नाही, मीच पट्ट्याबाहेर गेलो असणार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबा पट्ट्याच्या अगदी आत होते. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते सांगायचं होतं.

मी म्हणालो, यापुढे पट्ट्यातच राहा, बाबा.

हे मी बोललो. त्यांनी मान हलवली.

५ मार्च
साहेबांनी माझ्या गाडीच्या दाराला आलेला पोचा पाहिला. काय झालं विचारलं. सांगितलं, सगळं नाही. मधे जागा का नाही सोडलीत, म्हणाले. म्हटलं, पार्किंग जाईल म्हणून. मग जाऊ द्या की, म्हणाले, आणि तिथल्या तिथे सही करून टाकली. वर विचारलं, आधी का नाही आलात? मी उलट चहा मागवू का विचारलं.

१० मार्च
रांग गेली. पट्टा सरकला, तिरक्या रेघा आल्या, खांबही उपटला. एका सकाळचं काम. माझी गाडी आता उन्हात असते, सीटवर टेकवत नाही. बरंच आहे. शिक्षा भोगून झाली असं समजायला हरकत नाही.

२ एप्रिल
बाबांचं प्लास्टर निघालं. नव्या पट्ट्याचा फोटो घेऊन उत्साहात भेटायला गेलो. दारात सायकल नव्हती. विकून टाकली. साधं पट्ट्यात राहणं जमत नाही, उद्या एखाद्याला पाडायचो, असं म्हणाले. आत्याकडे आता फक्त रविवारी, मेव्हणा सोडतो तेव्हा. बाकीचे दिवस ती पेपर उशाशी घेऊन पडून असते. तिला कळत नाही अजून, बाबा का येत नाहीत ते. रोज विचारते.

मी फोटो पुढे केला. म्हटलं, बाबा, पट्टा आता एकदम सेफ केलाय. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला. छान आहे, पण आधीचाही छानच होता, म्हणाले. चूक माझीच झाली, बाबा म्हणाले.

मी 'हो' म्हणालो.