रीळ एकशे चौदा

चिंचवड,
१२ जानेवारी १९८२

प्रिय ज्योतीरामभाऊ,

सप्रेम नमस्कार. जिनिव्हाची थंडी सोसते ना? तुमच्या थोरल्या बहिणीने, आपल्या सुमनताईंनी विणलेला स्वेटर पोहोचला असेल. एक बाही लांब झालीय, हसू नका.

अम्मी अजून मला नि ताईंना विचारते, "दिवसभर कसले फोटो बघता गं दोघी?" मी सांगते, तिकडच्या मोठ्या यंत्रात कण समोरासमोर आपटतात, त्यांच्या वाटांचे. ती म्हणते, "तळेगावच्या रस्त्यावर रोज ट्रक आपटतात, त्यांचे कुणी काढत नाही!"

विद्यापीठातले सर म्हणाले, तुमचा प्रबंध मार्चमध्ये जाणार आणि कणाची वाट मध्येच दुभंगते अशा, आम्ही शोधलेल्या नऊ फाट्यांवर तो उभा आहे. ते ऐकल्यापासून मला जेवण जात नाही.

नियम तुम्हीच घालून दिलात. एक रीळ दोघींनी वेगवेगळं पाहायचं, एकमेकींचा तक्ता बघायचा नाही, दोघींना दिसेल तेच खरं धरायचं. दीड वर्ष झालं, दोन्ही तक्ते मीच भरते. ताईंना दिसत नाही, भाऊ. काचबिंदू. आता फक्त उजेड कळतो. कुरुळीच्या बसमधून मी त्यांना हात धरून उतरवते. कळलं तर तुम्ही सगळं सोडून परत याल, म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती. ती आज मोडली.

एवढी लबाडी माझी. पुढचं मला कळत नाही.

त्या रोज टेबलाशी बसतात. दिव्याने रिळातलं चित्र टेबलावर पडलं की मध्येच माझं मनगट धरतात आणि एका जागी बोट ठेवतात. "इथं बघ." मला काहीच दिसत नाही. भिंग लावलं की केसाएवढा फाटा निघतो. तुमचे नऊच्या नऊ असेच सापडले. मी फक्त दोन्हीकडे लिहून घेतलं.

गेल्या सोमवारी रीळ चढवलंच नव्हतं. दिवाही बंद होता. कोऱ्या टेबलावर बोट टेकवून ताई म्हणाल्या, "एकशे चौदा. चित्र दोनशे सात. डावीकडं खाली."

"ताई, आपल्याकडे एकशे नऊपर्यंतच आलीत."

"व्हय. ते जोतीकडं हाय."

त्यांनी बोटाने रेष ओढली, तशीच मी पेन्सिलीने कागदावर उतरवली. कागद सोबत ठेवलाय. एकशे चौदा एकट्याने चढवा आणि त्या चित्रावर हा कागद धरा.

तिथे काही नसेल, तर मी एक खोटी बाई. सरांना सांगा, शिक्षा मला होऊ दे. प्रबंध दोन्हीकडून अडलाच, त्याबद्दल माफी कोणत्या तोंडाने मागू?

पण फाटा असेल, तर कुणाला काही सांगत बसू नका. घरी या. कारण काल मी विचारलं, "ताई, एकशे पंधरामध्ये काय?" त्या बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याच्या पुढं मी न्हाई. जोतीला बिगीनं बोलव."

हे लिहितेय तेव्हा त्या समोरच बसल्यात. बोट त्याच जागी आहे.

विश्वास उरला असेल तर आपली,
जमिला