सोमवारचा आकडा

९ सप्टेंबर १९६३, सोमवार

बाबाला उकंडाकाका बाभुळगावहून एस.टी.ने घेऊन आले. सरळ दवाखान्यात, माझ्या लॅबच्या दारात! पाय गोणपाटात गुंडाळलेला. सोडला तर आधी वास आला, मग जखम दिसली. अंगठ्याखाली रुपयाएवढा खड्डा, कडा पांढऱ्या. कधीपासून म्हणून विचारलं, तर बाबा म्हणतो, दुखत नाही त्याचे दिवस कोण मोजतं? दारातूनच त्याला वॉर्डात नेलं.

उकंडाकाकांनी सांगितलं ते असं. आमच्या वस्तीत विहार बांधणं चालू आहे, दसऱ्याला उघडायचा म्हणून घाई. मुख्य गवंडी बाबाच. ताजा चुना पायाने तुडवायला बाकीचे नको म्हणतात, फोड येतात. बाबा तासन्‌तास त्यात उभा. काका जखमेसमोर बसूनसुद्धा कौतुकानेच सांगत होते, "डोमाजीच्या पायाले चुना चावतच नाई." बाबालाही त्याचा केवढा तोरा! दोन वर्षं आम्ही सगळे त्याचा पाय दणकट झाला म्हणून मिरवत होतो. मीसुद्धा. रोज दहा जणांच्या लघवीतली साखर पाहणारी मी – बापाच्या पायाचं बधिरपण मला दिसलं नाही.

लघवी तपासली. निळं औषध उकळून पक्कं विटकरी झालं, म्हणजे साखर भरपूर. नळी बाबाला दाखवली तर म्हणाला, "गवंड्याच्या पोटात इटाच असतीन न, पोरी." तो हसला. मीही हसले असेन.

रक्ताचा ई.एस.आर. ९२.

१० सप्टेंबर

डॉ. पांढरीपांडे यांनी टाचणी घेऊन पाय तपासला. तळवा, बोटं, घोटा. बाबा पडल्या पडल्या वर बघत होता. म्हणाला, या खोलीची तुळई एका अंगाने उतरली आहे. डॉक्टर म्हणाले, "डोमाजी, मी टोचतोय." बाबाने विचारलं, कधी?

नंतर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. साखर जुनी आहे, पायाची जाणीव गेली आहे. जखम वरून भरेलही, प्रश्न आतल्या हाडाचा. हाडात पू शिरला असेल तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, नाहीतर विष वर चढून माणूसच जाईल. एक्स-रेचं यंत्र महिनाभरापासून बंद पडलंय, आणि नागपूरचा प्रवास या अवस्थेत नको. "तेव्हा सत्यभामाबाई, आता तुमच्या नळीवर भरवसा. दर सोमवारी आकडा द्या. उतरत गेला तर थांबू. चढला तर मात्र मला थांबता येणार नाही."

हे आज गावाहून आलेल्या मायला समजावताना पुरेवाट झाली. रक्त उभ्या बारीक नळीत ओढायचं, तासभर हात लावायचा नाही. लाल खाली बसतं, वर पिवळट पाणी उरतं. लाल किती खाली गेलं तो आकडा. अंगात कुठे पू, जळजळ असली की ते भराभर बसतं, आकडा मोठा येतो. माय म्हणाली, म्हणजे दह्यावरचं पाणी. म्हटलं, हो, तसंच. नागपूरला आमचे सर दोनच गोष्टी घोकून घ्यायचे – घड्याळावर नजर आणि नळी ताठ. जराशी कलली तरी लाल कडेने घसरत जातं आणि आकडा फुगतो. हे मात्र मायला सांगितलं नाही, तिला तेवढं कशाला!

१६ सप्टेंबर, सोमवार

८६.

२३ सप्टेंबर, सोमवार

७४. रोज इन्सुलिन, पेनिसिलिन. बाबा गुळाच्या चहासाठी मायच्या मागे लागलाय. माय आवाराबाहेर तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करते. मी ड्यूटी करते, जेवते, झोपते. कोणी विचारलं तर बरी आहे म्हणून सांगते.

२७ सप्टेंबर, दसरा

विहार उघडणं पुढे ढकललं. उकंडाकाका सांगायला आले. डोमाजीशिवाय पुढचा ओटा कोणी बांधायला तयार नाही म्हणे – त्याला पसंत पडला नाही तर तो पाडायलाच लावेल!

खरंच लावेल. सात वर्षांपूर्वी याच दिवशी तो नागपूरहून पांढऱ्या कपड्यात परत आला, गावाची जुनी कामं त्याच आठवड्यात सोडली आणि चाळिशी उलटल्यावर थापी हातात धरली. त्याने बांधलेली पहिली भिंत चार बोटं बाहेर झुकली आणि पहिल्याच पावसात पडली. लोक हसले. तेव्हापासून त्याला जगात सरळ काही दिसतच नाही. लोकांच्या चौकटी, फोटो, माझा भांगसुद्धा. आज खाटेवरून विमलताई सिस्टरना सांगत होता, तुमची टोपी डाव्या अंगाला पडते. त्या बिचाऱ्या दिवसभर टोपी चाचपत होत्या.

मी त्याच्यापाशी बसले होते. म्हणाला, "पाय राह्यला तं ओटा मीच बांधीन. एका पायानं परांचीवर चढता येत नाई." एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून झोपला.

३० सप्टेंबर, सोमवार

६३! डॉक्टर म्हणाले, छान, असंच चाललं तर पाय राहतो. मायने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मला आनंद व्हायला हवा. झाला असं लिहून ठेवते.

५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीआधीची सफेदी. लॅब अर्धा दिवस बंद. सगळं सामान बाहेर काढलं, पुसलं, पुन्हा आत लावलं. माझं टेबल इतके दिवस अंधाऱ्या कोपऱ्यात होतं, नळीवरच्या रेषा वाचायला डोळे ताणावे लागत. मनात आलं, खिडकीखाली घ्यावं, मोरीच्या बाजूला. विमलताईंनी एक टोक धरलं, मी दुसरं. सुताराने ठोकून दिलेला नळ्यांचा लाकडी स्टँड टेबलाबरोबरच आला. आता उजेड भरपूर. रेष न्‌ रेष दिसते. बाबाचा आकडा एका रेघेनेही चुकायला नको.

७ ऑक्टोबर, सोमवार

९३.

तीनदा वाचला. घड्याळ बरोबर. उजेड बरोबर. ९३.

बाबाला ताप नाही. जखम लालसर झालीय, विमलताई म्हणतात भरतेय. डॉक्टर म्हणाले, मधुमेहात वरून भरणारी जखमच फसवते. गुरुवारी पुन्हा करा, मग बघू.

आज बाकीच्यांचेही आकडे वाढलेत. क्षयाचे दोघं, सांधेदुखीची ती म्हातारी – सगळ्यांचेच. डॉक्टरांच्या कानावर घातलं. म्हणाले, हवा बदललीय, घराघरात सर्दी-ताप आहे. पटलं मला. का नाही पटणार?

१० ऑक्टोबर, गुरुवार

९१.

डॉक्टर म्हणाले, दोनचा फरक काही धरायचा नाही. एक्स-रे अजून बंदच, नागपूरला न्यायला वेळ नाही; पण त्रेसष्टवरून नव्वद म्हणजे हाडात शिरलंय. शनिवारी करू. घरच्या माणसाने सांगितलेलं बरं म्हणून सांगायचं काम माझ्याकडे दिलं.

सांगितलं. बाबा उठून बसला. पायावरची चादर सारली. मग विचारलं, "तूनंच मोजलं काय?"

हो म्हटलं.

"मंग बरोबरच असन. कापा म्हना."

मायने पदर तोंडात कोंबला. त्याने कागद मागितला आणि सही केली. अंगठा नाही, सही – चाळिशीनंतर शिकलेली, प्रत्येक अक्षर विटेवर वीट ठेवल्यासारखं. वरची रेघ ओढून झाल्यावर कागद लांब धरून पाहिला, रेघ सरळ आली का ते. आली होती. मी कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले.

१२ ऑक्टोबर, शनिवार

झालं. गुडघ्याखाली. त्या वेळात मी लॅबमध्ये सहा नळ्या लावल्या, सहा वाचल्या, रजिस्टरात लिहिल्या. एकही खाडाखोड नाही. रडू आलं नाही. ती टाचणी मलाच टोचून पाहावी कुणीतरी.

१४ ऑक्टोबर

डॉक्टर राउंडला म्हणाले, हाड वाटलं होतं तेवढं किडलेलं नव्हतं. म्हणजे अगदी वेळेवर केलं आपण. "तुमच्या आकड्यामुळे." माय त्यांच्या पाया पडायला वाकली, त्यांनी पडू दिलं नाही. मला म्हणाली, लेक शिकली म्हणून बापाचा जीव वाचला. वॉर्डभर सांगत सुटलीय.

१७ ऑक्टोबर

गावात दिवाळीचे फटाके. बाबा म्हणतो, गेलेल्या पायाचा अंगठा खाजतो. होता तेव्हा टाचणी कळत नव्हती, आता नाही तर खाज येते! चादरीवरची रिकामी जागा खाजवून देते त्याला. तेवढ्याने बरं वाटतं म्हणतो.

४ नोव्हेंबर, सोमवार

आकडा आता कोणी विचारत नाही. मी काढतही नाही.

२५ नोव्हेंबर

कुबड्या आल्या. बाबाने जमिनीवर उभ्या करून पाहिल्या आणि सुताराला परत पाठवल्या. एक बोटभर लांब आहे म्हणे. सुतार चिडला, मापलं – खरंच लांब निघाली.

उकंडाकाका येऊन गेले. ओटा तसाच आहे. बाबा त्यांना म्हणाला, खाली खाट टाकून द्या, मी बसून सांगीन, बांधणारे बांधतील. 

२ डिसेंबर

पुढच्या सोमवारी बाबाला सुट्टी मिळणार. माय भांडी बांधायला लागलीसुद्धा.

९ डिसेंबर, सोमवार

बाबा घरी गेला. बाराच्या एस.टी.ने.

जाण्याआधी म्हणाला, तुझी लॅब दाखव. तीन महिने इथे होता, पण आत कधी आला नव्हता. कुबड्या टेकत आला, मायने मागून धरलेलं. मी सगळं दाखवलं. सूक्ष्मदर्शक, निळं औषध, नळ्या. त्या वेळी स्टँडवर चार जणांचं रक्त लावलेलं होतं. त्याने विचारलं, माझंही याच्यातच मोजलं का? म्हटलं, याच्यातच. मोठ्या कौतुकाने बघत होता. मग त्याने डोळा बारीक केला. तो डोळा मी लहानपणापासून ओळखते. मला वाटलं, आता माझा भांग निघणार.

"पोरी, तुयं टेबल मोरीकडं पडून राह्यलं."

म्हटलं, असेल. ऐकतो कुठला! काचेच्या बशीत काठोकाठ पाणी ओतायला लावलं. ओतलं. मोरीच्या अंगाने सांडलं, दुसऱ्या अंगाला बोटभर काठ कोरडा. मग भिंतीला कुबडी टेकवून खाली बसला, मायकडून बाहेरून छपराच्या फुटक्या कवेलूचा तुकडा मागवला, घासून घासून बेताचा केला आणि टेबलाच्या पायाखाली सारला. पुन्हा पाणी. चारही अंगांनी सारखं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर काम केल्याचा आनंद दिसला.

"कधीपासून हाये असं?"

म्हटलं, सफेदी झाली तेव्हापासून. दिवाळीच्या आधी.

"त्यानं तुया कामात काई फरक तं नाई न पडत?"

नाही म्हटलं.

त्याला उठवलं. एस.टी. स्टँडपर्यंत सोडायला गेले. गाडी सुटताना त्याने खिडकीतून हात काढून मला लॅबकडे जा म्हणून खूण केली. काम खोळंबेल माझं.

१० डिसेंबर

सकाळी माझंच रक्त काढलं. दोनदा. कवेलूचा तुकडा ठेवून – १२. काढून – १८.

म्हणजे त्या ९१चे साठ होतात. आकडा उतरतच होता.