चिंचेला न टेकणारी परांची

१६ एप्रिल
हो म्हणून बसलो! मनुआत्याच्या बांधावरच्या चिंचेची एक फांदी वाळून अंगणवाडीच्या पत्र्यावर झुकलीय. १ मेच्या ग्रामसभेआधी ती उतरली नाही, तर अख्खी चिंच तोडायचा ठराव येणार. याच झाडाच्या चिंचा फोडून आत्यानं तीन पोरी शिकवल्या.
मेंढरंवाला बिराप्पा फुकट चढायला तयार होता — कोयत्यानं खोडाला खाचा पाडत. आत्या म्हणाली, "घाव न्हाई, खिळा न्हाई. शंभ्याच करंल."
मीच! आयटीआय अर्धवट, पुण्यात झाडं छाटणाऱ्याकडं जेमतेम दोन महिने. काहीतरी गुण दिसला असणार.

१७ एप्रिल
बेत ठरला — बांबूची परांची. चार पायांवर आपली आपण उभी, वर फळी, झाडाला टेकायचीच नाही. वहीत चित्र काढलं. चिंच झकास आली. परांचीला जागा उरली नाही.

२१ एप्रिल
बांबू आणायला पलूसला निघालो. वाटेत कुस्त्यांचं मैदान लागलं. तिथून एका पैलवानाच्या गाडीत बसून जत! दोन दिवस राहिलो. कन्नडचे दोन शब्द शिकलो, दोन्ही शिव्या. बांबू राहिलेच.

२४ एप्रिल
बांबू आले. परांची उभी राहिली. मी वर चढलो — ती बसली.
"गड्या, परांची हाय का पाळणा?" बिराप्पा. मग त्यानंच पायांना तिरप्या काठ्या आवळून दिल्या.
वाऱ्यानं हलून घासू नये म्हणून आत्यानं स्वतःची पांघरायची वाकळ खोडाला गुंडाळली. म्हटलं, "आत्या, आन् मला पडायला?"
"तुला गोणपाट हाय की."

२८ एप्रिल
फांदी उतरली! करवतीनं तुकडे केले, एकेक दोरीनं खाली सोडला. पत्र्याला ओरखडा नाही, खोडाला तर नाहीच. सरपंच क्रांतीताई म्हणाल्या, "सभेत तुझा सत्कार!"
शेवटचा तुकडा कापताना सालीत रुतलेली तार दिसली. फांदीचा गळाच आवळलेला. म्हणून वाळली होती. वरूनच ओरडलो, "कुठल्या गाढवानं बांधली रं ही?" आत्या खाली चिंचा निवडत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.
तारेत फ्लेक्सची चिंधी अडकली होती. पुसली. अर्धा गॉगल आणि 'भावी नेतृ—'
माझा गॉगल. माझा बड्डे. तीन वर्षांपूर्वी हा फ्लेक्स मीच चढून बांधला, आणि महिन्याभरात गाव सोडलं. तेव्हा नव्हती लागली परांची!

३० एप्रिल
सत्काराच्या फ्लेक्ससाठी फोटो मागताहेत. चिंचेलाच लावू म्हणतात!
बॅग भरलीय. साताऱ्याची एसटी सकाळी सहाला.

१ मे
एसटी सोडली. सभेत तार दाखवली, सगळं सांगितलं. मग मनुआत्या —
"मला ठावं हुतं रं. फाटूस्तवर तुझंच त्वांड दिसत हुतं वर. दुसऱ्याला कशाला चढवू?"