दाढीबाबांच्या तसबिरीमागे

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण परवा शिडीवरून उतरताना कमरेत उसण भरली, त्यामुळे अर्ध्यावरच अडकले आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे खुशाल, असं पुढे लिहायची पद्धत आहे, पण मी मुळीच खुशाल नाही, आणि त्याला कारण तुम्ही.

"आमच्या कॉलेजात लाग, फादर लोक म्हणजे देवमाणसं, काम आरामाचं," हे कोण म्हणालं होतं? लागले. तीन वर्षं इतिहास शिकवतेय, तेही हंगामी. आता कॉलेजला शंभर वर्षं होताहेत, म्हणून प्रिन्सिपल फादरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, तुम्ही कॉलेजचा इतिहास लिहा, चांगला झाला तर समारंभाच्याच दिवशी तुम्हाला कायम करण्याच्या कागदावर सही करतो. समारंभ येत्या शनिवारी. छापखान्याला शेवटची पानं गुरुवारी द्यायची आणि आज रविवार. झोप म्हणून नाही डोळ्याला.

सुरुवात सोपी गेली. तीन फादर, अकरा विद्यार्थी आणि घोड्यांचा एक रिकामा तबेला. (हजेरीपटात बारावं नाव आहे ते घोड्याचंच असावं असा मला दाट संशय आहे. वर्षभर गैरहजर, तरी वरच्या वर्गात गेलाय.) संस्थापक फादर रोज डायरी लिहीत, आणि तीत देव कमी, छपराची गळती जास्त. पुढे चॅपल झालं, वसतिगृह झालं, प्रयोगशाळा झाली, ती दोनदा जळाली. प्रत्येक प्रिन्सिपलांनी एक भिंत बांधली आणि पुढच्यांनी ती पाडून खिडकी केली. वसतिगृहाचे नियमही सापडले: शिट्टी वाजवायची नाही, जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम चढायच्या नाहीत, चॅपलमध्ये घोरायचं नाही. (झोपायची बंदी नव्हती. फादर लोक खरंच देवमाणसं.)

घोडं अडलं ते "विद्यार्थी जीवन" या प्रकरणापाशी. मुलांना काहीही विचारा, एकच उत्तर: "मॅडम, दाढीबाबांना विचारा." दाढीबाबा म्हणजे हॉलमधली संस्थापकांची तसबीर, तुम्हाला काय सांगायचं! पांढरा झगा, पोटापर्यंत पांढरी दाढी, हाताच्या घडीतून वर आलेली ती शिस्तीच्या दंडाची मूठ. दरवर्षी प्रिन्सिपल फादर त्या दंडाकडे बोट दाखवून शिस्तीवर भाषण देतात. आणि परीक्षा आली की मुलं त्या तसबिरीमागे चिठ्ठ्या खुपसतात. चॅपलला जाणारी, न जाणारी, देव मानणारी, न मानणारी, एकजात सगळी. फादर लोक बघून न बघितल्यासारखं करतात.

तर पुस्तकासाठी फोटो घ्यायचा म्हणून मी शिडीवर चढून तसबीर उतरवली (शिपायाला म्हटलं, तर म्हणतो, मॅडम, पाप लागेल!), आणि मागून टोपलीभर चिठ्ठ्या माझ्या डोक्यावर. उसण तेव्हाचीच. पण वाचायला बसले आणि कमर विसरले. "बाबा, गणितात पास करा. जास्त नको, पस्तीस." "बाबा, लायब्ररीतल्या तिने एकदा तरी माझ्याकडे बघावं." त्याखाली वेगळ्या अक्षरात: "मी बघतेच. तूच मान खाली घालतोस." आणि सगळ्यात जास्त, वर्षानुवर्षं, एकच मागणी: "बाबा, मेसच्या जेवणातून सोडवा."

एवढं झाल्यावर मी तसबिरीची मागची बाजू पुसली. तिथे शाईने लिहिलं होतं: "आमचे आचारीकाका, निवृत्तीच्या दिवशी. मेसच्या मुलांकडून."

मामा, मी जमिनीवर बसले. पांढरा झगा नव्हे, तो ॲप्रन! शिस्तीचा दंड नव्हे, तो आमटी वाढायचा डाव! आणि मेसच्या जेवणातून सोडवा, हे गाऱ्हाणं पोरं इतकी वर्षं त्या आचाऱ्यालाच सांगताहेत. संस्थापक फादर डायरीत स्वतः लिहितात की रोज थंड पाण्याने दाढी करतो, गाल कापतो. मी ते तीनदा वाचलं, आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. इतिहास विभागाचं दार त्या तसबिरीच्या बरोब्बर समोर आहे, हे कोणाला सांगू नका.

बरं, एवढ्यावर भागत नाही. शनिवारी संस्थापकांच्या पुतळ्याचं अनावरण आहे. शिल्पकाराने या तसबिरीवरूनच प्लास्टरचा पुतळा केलाय, दाढीसकट, डावासकट. मूठ सोनेरी करू का, म्हणून काल विचारत होता. आता बोलावं तर प्रिन्सिपल फादरांचं हसं आणि माझी सही गेली. गप्प बसावं तर शंभर वर्षांच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर आचारी, आणि खाली लेखिका म्हणून माझं नाव. इकडे आड, तिकडे विहीर. त्या म्हाताऱ्याचं मात्र वाईट वाटतं हो. बिचाऱ्याने हयातभर पोरांना वाढलं, आणि मेल्यावरही त्यांचीच कटकट ऐकतोय.

मामींना नमस्कार सांगा.

तुमची वैतागलेली भाची

ता. क. सगळ्यात तळाची, पिवळी पडलेली चिठ्ठी इथे उतरवते. "फादर, माफ करा. हॉलमध्ये चेंडू खेळताना तुमची काच फुटली. नवी बसेपर्यंत आचारीकाकांना तुमच्या जागी लावलंय. पास करा, लगेच परत आणतो. स्टूल धरणारा निर्दोष आहे. त्याला फादर व्हायचंय, त्याला शिक्षा नको." अक्षर उजवीकडे वर चढत जाणारं. मामा, या अक्षरातली पत्रं मला दर वाढदिवसाला येतात.

ता. क. दुसरा. तुमच्या बैठकीत गळाबंद कोटातल्या त्या हडकुळ्या टकलू गृहस्थांची तसबीर आहे. लहानपणापासून आम्ही येता-जाता त्यांच्या पाया पडतो. तुम्ही आम्हाला सांगता, मामींचे पणजोबा. मामी सांगतात, तुमचे. चाळीस वर्षांत तुम्हा दोघांचं यावर एकदाही बोलणं होऊ नये? बुधवारच्या आत ते पणजोबा घेऊन निमूट इथे या. गुडघ्याची सबब चालणार नाही.

ता. क. तिसरा, सोमवार. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, तेवढ्यात मन घट्ट केलं आणि ती चिठ्ठी घेऊन प्रिन्सिपल फादरांकडे गेले. म्हटलं, जाऊ दे नोकरी, खोटं छापणार नाही. त्यांनी वाचली. चष्मा काढला. परत वाचली. उठून दार लावलं. मी मनात नव्या नोकरीचा अर्ज लिहायला घेतला.

"निर्दोष लिहिलंय त्याने," ते म्हणाले. "रोज त्या तसबिरीखालून जाताना वाटायचं, आज आणील, उद्या आणील. मग मलाच बोलायला तोंड राहिलं नाही." मग माझा कागद ओढून त्यांनी तिथेच सही केली.

शिल्पकार म्हणतो, दाढी लावायला वेळ लागतो, काढायला नाही. डाव तेवढा राहू द्या म्हणाला, पण ते मी ऐकलं नाही. आचारीकाका आता मेसच्या दारावर जाणार, चिठ्ठ्यांसकट. आणि तुम्हाला फादरांचा निरोप आहे: बुधवारी दुपारी हॉल रिकामा असतो, मागच्या दाराने ये, गुडघा दुखो की मोडो, चढायचं तूच. स्टूल मी धरतो.