दोन टर्नटेबल, सोळा रंग

३ मे, शनिवार. सातारा
ही वही जानेवारीत घेतली. रोज लिहायचं पक्कं ठरवलं होतं. आज पहिलं पान. आधी मनासारखा पेन मिळत नव्हता. पेन मिळाला तोवर आत्याने वही हलणाऱ्या कॉटच्या पायाखाली घातली होती. आज कॉट सरकवली तेव्हा सापडली.

कॉट सरकवली कारण त्या जागी आयटीआयच्या दोस्ताचे, श्रेयसचे दोन टर्नटेबल आलेत. आत्याने विचारलं, ह्या दोन चुली कुनाच्या रं? तिला सांगितलं, यावर रेकॉर्ड फिरतात, डीजे हाताने मागेपुढे करतो. ती म्हणाली, मग एकाच दिशेनं का फिरवत न्हाईत?

काम असं. २५ तारखेला श्रेयसच्या बहिणीचं, ब्राह्मीचं लग्न. सांगलीजवळ. संध्याकाळच्या रिसेप्शनला श्रेयस स्वतः डीजे. टर्नटेबलचा लूक आणि लायटिंग माझ्याकडे. जमलं तर त्याच्या साउंडमध्ये मी कायमचा लायटिंगवाला.

नाही जमलं तर वर्दी. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, साताऱ्याच्या एमआयडीसीत शब्द टाकून ठेवलाय. सिक्युरिटी गार्ड, २६ पासून हजर. निळी वर्दी शिवून वडूजला घरी खुंटीवर लटकतेय. मापाला सैल. शेजारचे धोंडीबाकाका त्या नोकरीसाठी कधीचे आप्पांच्या मागे आहेत, पण आप्पा म्हणतात आधी पोरगं.

आज आप्पांना फोनवर स्पष्ट सांगितलं, माझ्यात कला आहे. ते म्हणाले, मोबाईलमधलं दावू नगंस, डोळ्यानं बघीन तवाच खरं. मी म्हणालो, मग या २५ ला, बरोबर आठ वाजता, अख्खं कार्यालय माझ्या उजेडात न्हाऊन निघेल.

येणार नाहीत. गुडघा आहे. म्हणून तर बोलावलं.

४ मे
डिझाइन काढलं. उद्यापासून सुरू.

६ मे
रंग ठरत नव्हता. प्रेरणेसाठी वाईला गेलो. घाटावर शांत बसून पाण्याचे रंग बघायचे असं ठरवलं. तिथे एक जण चपटा दगड पाण्यावरून सात टप्प्यांपर्यंत उडवत होता. मी संध्याकाळपर्यंत चार टप्प्यांवर पोहोचलो. रंग ठरला नाही, पण मनगट तयार झालं. डीजेच्या लाइनीत मनगट लागतं.

९ मे
श्रेयसने पत्रिका पाठवली. मरून आणि सोनेरी. रंग ठरला! सोनेरी. खाली बारीक अक्षरात वेळा वगैरे होत्या. आर्टिस्टने त्यात शिरू नये.

१२ मे
दोन्ही टर्नटेबलना सोनेरी स्प्रे मारला. फिरणाऱ्या तबकडीच्या कडेला बारीक ठिपक्यांच्या रांगा होत्या, कुणी सुईने टोचल्यासारख्या. घाण दिसत होतं. तेही झाकून टाकले. एकदम गुळगुळीत.

श्रेयसला फोटो पाठवला. फोन आला. म्हणाला, त्या ठिपक्यांवरून स्पीड बरोबर आहे का ते कळतं. मी म्हणालो, स्पीड कानाने ओळखायचा असतो. तो म्हणाला, गड्या, आता आणि कशाला हात लावू नगंस.

म्हणजे लूकला आणखी कशाची गरज नाही. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

१५ मे
बाजूला काळा स्टिकर लावतोय, गाड्यांना लावतात तसला. कोपऱ्यावर बसवायला गरम करावा लागतो. हीटगन नाही. आत्याच्या कुकरच्या वाफेवर धरला. तिसऱ्या शिट्टीला मस्त मऊ झाला. थोड्या सुरकुत्या राहिल्यात, त्याला टेक्स्चर म्हणतात. टर्नटेबलला तूरडाळीचा वास येतोय. २५ पर्यंत जाईल.

आयटीआय सात महिन्यांत सोडली नसती तर हे सुचलं नसतं. आणि सोडली नाही, थांबवलीय.

१९ मे
एलईडी पट्टी लावली. रिमोटवर सोळा रंग. भर दुपारी दारं-खिडक्या लावून, दोन्ही टर्नटेबलवर गोधडी टाकून, आत शिरून ट्रायल घेतली.

काय सांगू. सोनेरी कडा, खाली जांभळा उजेड, तबकडी फिरतेय आणि सगळं तरंगतंय. घामाने भिजलो तरी बाहेर यावंसं वाटेना. आत्याला आत घेतलं. रिमोट घेऊन सोळाही रंग दाबून ती पुन्हा जांभळ्यावर आली. मग म्हणाली, लय झ्याक केलंयस रं. तिचे डोळे जांभळे दिसत होते.

गोधडीबाहेर आल्यावर मात्र तिने विचारलं, उजेडात कसं दिसतंय? आत्या भोळी आहे. डीजे कुणी उजेडात लावतं का?

२२ मे
श्रेयसच्या आईचा, राजमतीकाकूंचा फोन. म्हणाल्या, बाळ, दिवस हाय तवर सगळं झालं पायजे हं, आमच्यात मागनं चालत न्हाई. मी म्हणालो, काकू, टेन्शन घेऊ नका, मी दुपारीच पोचतो. जुन्या माणसांना वेळेची फार काळजी.

२५ मे, रविवार. सांगलीच्या एसटीत, सकाळी ९
मांडीवर एक टर्नटेबल, शेजारच्या आजोबांच्या मांडीवर दुसरं. त्यांनी विचारलं, डाळ न्हेताय का. आज आयुष्य बदलणार.

दुपारी ४.१०
कार्यालय कसलं, उघडं लॉन आहे. शेजारी ऊस. डोक्यावर पांढरं कापड, त्यातून ऊन गाळून येतंय. ठीक आहे. ऊन जाईल. आपलं काम आठला.

५.१५
लोक जेवतायत!

वाढणाऱ्या एका काकांना विचारलं, आत्ताच जेवण? ते म्हणाले, मग कवा? सूर्य मावळल्यावर आमच्यात जेवत न्हाईत, बसा, गरम हाय तवर खाऊन घ्या. पत्रिका उघडली. बारीक अक्षरात: स्वागत समारंभ व भोजन, सायं. ५ ते सूर्यास्त.

आयटीआयच्या होस्टेलला श्रेयस साडेपाचला डबा उघडायचा. मला वाटायचं जिम लावलीय.

५.४०
लायटिंग ऑन. कुणालाच कळलं नाही. मलासुद्धा नाही. लाल, निळा, हिरवा, जांभळा, सगळे दाबून पाहिले. सोळाही रंग उन्हाच्या रंगाचे.

श्रेयसने हळूच विचारलं, कनेक्शन दिलंयस ना? मी पट्टीवर ओंजळ धरली. तो बोटांच्या फटीतून बघून म्हणाला, हाय, हाय.

६.०५
आत्याची गोधडी सोबत आणलेली, ती वर टाकली. श्रेयस आत शिरून रेकॉर्ड लावतोय. नवरदेवाचे मामा आत डोकं घालून बघून आले. बाहेर सगळ्यांना सांगत होते, चांगलं हाय, पर आत लय उकडतंय.

६.२५
एक टर्नटेबल जोरात फिरतंय, एक हळू. ठिपके नसल्यामुळे कुठलं बरोबर ते श्रेयसला कळेना. कानाने मलाही कळेना. नवरा-नवरी स्टेजवर आली तेव्हा गाणं एवढं संथ लागलं की लोक श्रद्धांजली समजून उभे राहिले. श्रेयस गोधडीतून बाहेर आला नाही.

७.०५
मावळला! अखेर अंधार. गोधडी काढली. जेमतेम तीसेक पाहुणे उरलेत, पण उरलेत. जांभळा दाबला. सगळं तसंच तरंगायला लागलं. ब्राह्मी स्टेजवरून वाकून बघायला लागली. नवरदेवाने मोबाईल काढला. श्रेयस माझ्याकडे बघून हसला. शप्पथ, हसला.

७.१०
उसातनं किडे आले. आधी चार-पाच. मग सगळेच. फिरत्या तबकडीवर, पट्टीवर, सोनेरी कडांवर.

राजमतीकाकू पळत आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हात जोडले आणि म्हणाल्या, बंद कर बाळ, जीव मरायलेत.

बंद केलं. काकूंनी आणि मी त्यांच्या पदराच्या टोकाने एकेक किडा उचलून उसाच्या पानावर सोडला. काकू मोबाईलचा टॉर्चसुद्धा लावू देत नव्हत्या.

७.३०
पाहुणे गेले. भांडी घासून झाली. मांडववाले खुर्च्या एकात एक घालतायत. श्रेयस टर्नटेबल खोक्यात भरताना म्हणाला, अमृत, तू आपला दोस्तच बरा. सोनेरी रंग कशाने निघतो तेही विचारलं. मला माहीत नाही.

शांतपणे विचार केला. वर्दी काय वाईट? पगार महिन्याच्या महिन्याला. सावलीत खुर्ची. कंपनीच्या गेटवर दिवे असतातच, रात्रपाळी मागून घेतली तर लायटिंगचंच काम. उद्या पहाटे पहिल्या गाडीने वडूज. आप्पांच्या पाया पडायचं, वर्दी घालायची, गेटवर सरळ उभं राहायचं. हे माझं आत्तापर्यंतचं सगळ्यात पक्कं ठरवणं. निदान ती खुंटीवर वाट तरी बघतेय.

७.५०
गेटवर जीप थांबलीय. आप्पा आलेत!

फौजेच्या सवयीने दहा मिनिटं आधी. गुडघ्याला पट्टा, कडक इस्त्री, सोबत वडूजचे तीन माजी सैनिक. अंधारात चाचपडत येतायत आणि आप्पा त्यांना मोठ्याने सांगतायत, थांबा, आमच्या पोराचं आठला चालू हुतंय, तवर कुनी जेवू नका. म्हणतायत, फोनवर त्याचा आवाजच असला हुता, की मी त्याच दिवशी वर्दी देऊन टाकली.

जीपमधून शेवटी धोंडीबाकाका उतरलेत. निळ्या वर्दीत. त्यांना बरोबर मापात बसलीय.