आयडल थोडा जास्त आहे

सोमवार, ४ जून, सकाळ
गाडीचा आयडल पुन्हा वाढला. समोरच्या घरातल्या निवृत्त मास्तरांनी दुजोरा दिला, खिडकी आपटून. गाडी जागेवर उभी आणि इंजिन घाट चढत असल्यासारखं ओरडतंय. शिवाय ॲक्सिलरेटर अडकतो. पाय उचलला तरी पेडल खालीच. घाबरण्यासारखं काही नाही. जुनी गाडी आहे, उत्साही आहे.

रविवारी सकाळी मुलीला तिच्या नोकरीच्या गावी पोहोचवायचंय. पहिलीच नोकरी. तिला दवाखान्यातून घरी आणलं ते याच गाडीतून, शाळेत सोडलं ते याच गाडीतून. तेव्हा नोकरीवरही याच गाडीतून. ठरलंय.

गॅरेजवाला म्हणाला, आणून टाका, बघतो. म्हटलं, बघण्यासारखं काही नाही.

संकल्प: उद्या संध्याकाळपर्यंत काम फत्ते.

मंगळवार, संध्याकाळ
बॉनेट उघडलं. कार्बोरेटरवर एक स्क्रू असतो, त्याने आयडल कमी-जास्त होतो. फिरवला. आवाज वाढला. उलटा फिरवला. आवाज वाढलेलाच राहिला. नीट विचार करून आणखी फिरवला. स्क्रू हातात आला.

परत बसवला. मूळ जागा कोणती होती, हे आता स्क्रूलाही सांगता येणार नाही.

मुलगी बाहेर आली. म्हणाली, बाबा, मामा म्हणतोय, त्याच्या गाडीने सोडतो. मामाला सांग, रविवारी झोप काढ, म्हटलं. ती थोडा वेळ उभी राहिली. इंजिनात रस घेतेय. बरं वाटलं.

बुधवार
निदान झालं! पाय उचलल्यावर थ्रॉटल मागे ओढणारी स्प्रिंग ढिली पडलीय. स्पेअरपार्टवाल्याला गाडीचं मॉडेल सांगितलं, तर म्हणाला, काका, अजून चालते? स्प्रिंग नाही मिळाली.

स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराला अशीच स्प्रिंग होती. काढली, बसवली. फिट! पेडल आता असं उसळतं की दाबून बघायला बसलेल्या बायकोची चप्पल उडाली. ती म्हणाली, अहो, हे दाबायला दोन्ही पाय लागतायत, मग ब्रेक काय हाताने लावायचा? अडाणी प्रश्नांना उत्तरं देण्यात शक्ती घालवायची नाही, हा दुसरा संकल्प.

संध्याकाळी घरात डास फार झाले. जाळीच्या दाराशी संबंध सिद्ध झालेला नाही.

गुरुवार
ट्रायल घेतली. मुलीला मुद्दाम शेजारी बसवलं, तिचाही विश्वास वाढावा म्हणून. गेटपर्यंत उत्तम. गेटबाहेर ॲक्सिलरेटरची केबल अडकली. स्प्रिंगचा दोष नाही, स्प्रिंग ओढतच होती. गाडी आपणहून निघाली. मी चपळाईने किल्ली बंद केली. दरम्यान मास्तरांच्या कुंड्या आल्या होत्या.

मास्तर म्हणाले, या, या. आमच्याकडे दारातून यायची पद्धत आहे, पण तुम्ही घरचेच.

मुलगी उतरली आणि चालत घरी गेली. सीटबेल्ट तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, हे मला नंतर आठवलं. आत शिरताना तिचा आवाज कानावर पडला: आई, तूच सांग ना बाबांना, माझ्याच्याने नाही होणार.

घर सोडून जायचं म्हणजे मन हळवं होणारच.

शुक्रवार
केबल काढली, तेल पाजलं. कार्बोरेटर पेट्रोलने घासून लख्ख केला. काम करताना त्याच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून जुन्या बनियनचा बोळा कोंबून ठेवला. गॅरेजवाले असली काळजी घेत नाहीत. मग एअर फिल्टर, झाकण, सगळं जागच्या जागी. एक नट उरला. कंपनीने जास्तीचा लावला असणार.

मेहुण्याचा फोन आला. म्हणाला, भावजी, मी आपला माझ्या गाडीची टाकी भरून ठेवतो, असू द्या. म्हटलं, ठेव, तुलाच कामाला येईल.

शनिवार, सकाळ
जिंकलो. आयडल इतका खाली आला की ऐकूच येत नाही. मास्तरांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी बॉनेटला कान लावला. म्हणाले, बंद आहे.

पुन्हा स्टार्टर मारला. खोकली, थांबली. पुन्हा मारला.

शनिवार, दुपार
बॅटरी उतरली. एवढ्याशा कामाला उतरावी, म्हणजे तिचाही काळ झालाच होता.

मुलगी आली. मला बाजूला व्हायला सांगितलं, झाकण काढलं, फिल्टर उचलला आणि कार्बोरेटरच्या तोंडातून माझा बनियन बाहेर ओढला. त्यातून पेट्रोल गळत होतं. मी वाट बघितली. एरवी ही हसून लोळली असती, आठवडाभर आल्यागेल्याला गोष्ट सांगितली असती. हसली नाही. बोळा पिळला, बॉनेटवर ठेवला आणि म्हणाली, बाबा, हात धुवा, जेवायला चला.

जेवताना कोणी गाडीचं नाव काढलं नाही. मीही नाही.

शनिवार, संध्याकाळ
गाडी उद्या दुपारपर्यंत चालू होईल, अशी माझी खात्री आहे. बायको म्हणाली, होईल हो, मग तुम्ही एकटेच फिरून या.

मेहुणा उजाडताच येणार. पुढे बायको, कारण तिला मागे गाडी लागते. डिकीत दोन बॅगा आणि बादली. मागे मुलगी, शिलाई मशीन आणि गादी. माझं काय, हा विषय कोणी काढला नाही, म्हणून मीच विचारलं. मेहुणा फोनवर म्हणाला, भावजी, तुम्ही कशाला त्रास घेता. मुलीने फोन घेतला आणि म्हणाली, मामा, गादी उभी ठेवली तर बाबा मावतील.

सकाळी गादी उभी ठेवून बघणार आहेत.