पिशवी कुणाच्या हातात?

सुयोगदादांना धाकट्या चुलतभावाचा, दिगंबरचा, वाकून नमस्कार. वहिनींची कंबर आता कशी आहे? (तेल चोळा, नुसत्या गोळ्या नकोत.) माझं आयुष्य कधी बदललं म्हणाल, तर गेल्या महिन्यात, एका शुक्रवारी दुपारी, बाळाजीकाकांनी (नात्याने नव्हे, वयाने काका) एसीचा रिमोट उशीखाली सरकवला तेव्हा.

बाहेर बहरीनच्या या माहूज भागातल्या गल्लीत ऊन असं की मांजर गाडीखालून हलेना, आणि खोलीत आम्ही पाचजण एका माणसाच्या मर्जीवर गार-गरम होत होतो. काका एकोणीस वर्षं बहरीनला आहेत, त्यामुळे एसी किती, आंघोळीला आधी कोण, बांगड्यात कोकम किती, सगळं तेच ठरवतात. माझं डोकं सटकलं. ते सटकतंच. (कॉलेज त्यापायीच सुटलं. सर म्हणाले, "प्रजासत्ताक हे तापट माणसांचं काम नव्हे." मी वही बाकावर आपटून चालता झालो. पहिल्या बाकावरची अपेक्षा बघतच राहिली. रागाने की कौतुकाने, हे विचारायचं राहून गेलं.)

पण तोवर जे ऐकलं ते डोक्यात पक्कं बसलंय. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी इटलीत माणसं याच प्रश्नाने हैराण होती. एकाचं राज्य नासलं की जुलूम, थोड्यांचं नासलं की टोळी, सगळ्यांचं नासलं की गोंधळ. मग टिकाऊ काय? फ्लॉरेन्सवाल्यांनी नावं पिशवीत घातली. ज्याची चिठ्ठी निघेल तो दोन महिने कारभारी, मग गुमान घरी. हे मी खाटेवर उभा राहून सांगितलं. ऑगस्टीन (वसईचा, हॉस्पिटलच्या ऑफिसात असतो) म्हणाला, "यल्ला, चल, काढ चिठ्ठी, पण आधी खाली उतर. खाट माझी आहे." काका चिडतील म्हणून मी मुठी आवळून तयार होतो, तर ते चक्क हसले. "माझं नाव घालू नको रे दिगू, म्हातारा झालो. चिठ्ठ्या लिहून देतो नि पिशवी सांभाळतो, बस."

काय हा त्याग, दादा! मला भरून आलं. दर आठवड्याला एक कारभारी, असं ठरलं. पहिल्या आठवड्यात कैलास ड्रायव्हर निघाला. दुसऱ्यातही कैलास. तिसऱ्यातही. आणि हा कारभारी रिमोट हातात धरून विचारतो, "काका, कितीवर ठेवू?" काका म्हणतात, "राजा तू. मला काय विचारतोस? सव्वीस."

आज पिशवी उघडली. चारही चिठ्ठ्यांवर कैलास.

तुमचा,
दिगंबर

ता. क. पिशवी उघडायची अक्कल माझी नव्हे. काल फोनवर अपेक्षा म्हणाली, "पुढचा धडा ऐकायच्या आधीच पळालास ना? तिथे एका सावकार घराण्याने गादीवर न बसता पिशवीच ताब्यात घेतली होती. आमच्या घरी बाबांनी वेगळं काय केलंय?" बाबा म्हणजे बाळाजीकाका. मी बहरीनला, आणि याच खोलीत, कशाला आलो ते आता कळलं असेल. तेव्हा रविवारी तुम्ही आणि वहिनींनी चिपळूणला अपेक्षाच्या आईकडे जाऊन रीतसर मागणी घालावी.

ता. क. २. काका गच्चीवर कपडे वाळत घालतायत. पिशवी घेऊन वर चाललोय. ओरडणार नाही. आधी चिठ्ठ्या पुढ्यात ठेवीन, मग अपेक्षाचं बोलेन. चारही चिठ्ठ्यांवर एकच नाव लिहिणाऱ्या माणसाला, माझ्याही पिशवीत एकच नाव आहे हे समजायला जड जाऊ नये. एसी बंद केला (कुणालाही न विचारता). ही ओळ उंबऱ्यात उभा राहून लिहितोय. दार ओढून घेतो.